अठरा बाजार

नवा तांदूळ घरात येऊन आठ दिवस झाले आणि मी अजून तो शिजवलेला नाही. मूल गावाजवळच्या माझ्या भावाने पाठवला आहे, हलक्या, लवकर येणाऱ्या धानाचा, दरवर्षी पाठवतो तसा. डब्याचं झाकण उघडलं की स्वयंपाकघरभर वास पसरतो, आणि मी झाकण परत लावून जुन्या तांदळाचा भात टाकते. आमचे हे दाराशी येऊन विचारतात, "काऊन वं, तांदूळ पुजाले आनला का?" त्यांना कारण माहीत आहे. आठ वर्षांपासून माहीत आहे. पण त्यांना दरवर्षी एकदा तरी विचारावंसं वाटतं आणि मला एकदा तरी उत्तर न द्यावंसं वाटतं. असा आमचा संसार चाललेला आहे.

आश्विन संपत आला की चंद्रपूरच्या हवेतला कोळसा जरा बाजूला सरतो, असं मला वाटतं. खरं तर सरत नाही. गच्चीवरच्या वाळवणावर काळी भुकटी बसायची ती बसतेच. पण एखादा ट्रॅक्टर धानाचे भारे घेऊन रस्त्यावरून जातो आणि त्याच्यामागे दहा-वीस पावलं तो वास रेंगाळतो. ओल्या काडीचा, थोडा गोड, थोडा चिखलाचा. तेवढ्या पावलांत मी गडचिरोलीच्या पलीकडे जाऊन येते. तिकडे आता बांध्यांतलं पाणी आटलं असेल. बाया रांगेने वाकून कापत असतील, कोणाच्या तरी विळ्याची धार गेली असेल आणि ती शेजारणीचा विळा मागत असेल. आणि शिवेवरच्या एका येनाच्या झाडावर, ज्याला पुण्याकडचे लोक ऐन म्हणतात, एक हिरवी शेंग फुगत असेल, नाहीतर नसेल.

ऑर्किड म्हटलं की लोकांना मोठ्या हॉटेलांतल्या फुलदाण्या आठवतात. आमच्या जंगलातही ती आहेत. आमरी म्हणतात त्यांना, आणि बहुतेक लोक बांडगूळ समजून तोडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी नुसती बसते. फांदीवर जागा मागते, हवेतली ओल घेते, आणि कोणाच्या ताटातलं काही खात नाही. ह्या एका वाक्यासाठी मी कितीतरी मजुरांशी, मास्तरांशी, आणि एकदा तर एका बागवाल्या नातेवाइकाशी त्याच्याच मुलीच्या लग्नात भांडले आहे. मी जिच्याबद्दल सांगते आहे त्या आमरीचं शास्त्रातलं नाव मात्र सांगणार नाही, गावाचंही नाही. नाव छापून आलं की मागून पिशव्या घेऊन लोक येतात. पांढरी, ओठाशी जांभळी, सकाळी वासाची आणि दुपारी बिनवासाची, एवढं पुरे. आमच्या माहितीतलं तिचं एकच रोप उरलं होतं, आणि ते लालसूभाऊ नावाच्या एका माडिया शेतकऱ्याच्या गावात होतं.

मी शास्त्रज्ञ नाही. महाविद्यालयातल्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं बाटल्या भरल्या. लहानपणापासून मला स्वयंपाकाचा कंटाळा, आणि नशिबात नोकरी आली ती झाडांसाठी खीर शिजवण्याची. पाण्यात अगर, साखर, क्षार, थोडं नारळाचं पाणी, कधी केळ्याचा गर. मोठ्या कुकरसारख्या भांड्यात वाफ द्यायची, बाटल्यांत ओतायची, थिजू द्यायची. मग काचेच्या पेटीत हात घालून, श्वास धरून, त्याच्यावर बी पेरायचं. एक बुरशीचा कण आत गेला की पाच दिवसांत बाटली कापसासारखी पांढरी होते आणि फेकावी लागते. माझ्या भाताची नेहमी खिमट होते, पण बाटल्या वर्षात दोन-तीनच वाया जायच्या. सासूबाई म्हणायच्या, "झाडाईले चांगलं करून घालते, आमाले काऊन नाई?" त्यांचं चूक नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी, तर आमरीच्या बीला शिदोरी नसते. धानाच्या दाण्यात कोंबापुरतं जेवण बांधून दिलेलं असतं. आमरीच्या एका शेंगेत लाखांनी बी असतं, पण पिठापेक्षा बारीक, आणि प्रत्येक रिकाम्या हाताने निघालेलं. वारा नेईल तिथे पडायचं. तिथल्या सालीत ओळखीची बुरशी भेटली तर ती चार घास देते. नाही भेटली तर तिथेच संपायचं. लाखांतलं एखादं जगतं. बाटलीत आम्ही त्या बुरशीच्या जागी साखर देतो. म्हणून शेंग हिरवी असतानाच हवी. ती तडकली की बी हवेत जातं, आणि उरलेल्याला बाहेरची घाण लागते.

आता माझ्या खोडीबद्दल सांगायला हवं. मी कोणालाही खरी तारीख सांगत नाही. शिंप्याला लग्न पंधरा दिवस अलीकडे सांगते, पाहुण्यांना जेवण तासभर अलीकडे सांगते, आणि मुलगी शाळेत असताना तर मी परीक्षेची तारीख मुलीलाच आठवडाभर अलीकडची सांगायची. सव्वीस वर्षं बाहेरून नमुने आणणाऱ्या लोकांनी मला हेच शिकवलं. सोमवारी या म्हटलं की पुढच्या सोमवारी येतात आणि वर म्हणतात, रस्ता खराब होता. सगळ्यांनाच माझी ही खोड ठाऊक आहे, म्हणून सगळे आणखी उशिरा येतात. माझं आणि जगाचं असं बरोबर जमून गेलेलं होतं.

लालसूभाऊ ह्या जगातले नव्हते, हे मला उशिरा कळलं.

नऊ वर्षांपूर्वी जेठात आम्ही त्यांच्या येनाखाली उभे होतो. तेंदूपानाचा हंगाम उरकला होता, ऊन असं की बोलायलाही नको वाटावं. साठीचा माणूस सरसर वर गेला. मी खालून सांगत होते आणि ते बाभळीच्या काट्याने एका फुलातला पराग उचलून दुसऱ्या फुलाला लावत होते. सात फुलांना लावला. खाली त्यांची बायको जैनीबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "म्हातारपनी फुलाईची लगनं लावून राह्यला," असं ती मला म्हणाली, आणि वर बघून माडियात आणखी काहीतरी म्हणाली, ज्यावर भाऊ फांदीवरच हसले. मला त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही.

सातांतली एक शेंग धरली. ती कधी कापायची, हे विचारायला भाऊ स्वतः फोन असलेल्या मास्तरांकडे गेले आणि तिथून मला फोन लावला. त्यांच्या गावात दिवस आठवडी बाजारावर मोजतात. मी हिशेब केला. पराग लावल्यापासून वीस बाजार होत होते. आणि तोंडातून निघालं, "अठरा बाजार झाले की कापा."

"अठरा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मधात पंडुम येते, बाई. कवा ते गायता सांगन. धान सगळ्याईचं झालं पायजे."

पंडुम म्हणजे नवं खाण्याचा सण. गावाचा पुजारी, गायता, दिवस ठरवतो. देवाला नवं दिलं जातं, मग सगळं गाव एकत्र बसून खातं. तोवर त्या हंगामातलं नवं पीक, नवं फळ कोणी तोडून घेत नाही. आपल्या शेतात पिकलेलं असलं तरी नाही. हे मला तेव्हाही ऐकून माहीत होतं. पण आमरीची शेंग काही खायची नाही, असं माझं डोकं चाललं, आणि मी म्हटलं, "भाऊ, शेंग तुमच्या पंडुमासाठी थांबणार नाही."

हे वाक्य मी परत घेऊ शकले असते. माझ्या हातात दोन बाजार होते.

ते आले तो दिवस मला तासासकट आठवतो. दुपारचे बारा वाजत होते. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली ते उकिडवे बसले होते, पहाटे चालत निघून दोन बस बदलून आलेले. हातात पळसाच्या पानांची पुडी, वर रानवेल बांधलेली, आत ओल्या शेवाळात करंगळीएवढी शेंग. "मोजून आनली. अठरा," ते म्हणाले. मी पाणी दिलं, घेतलं नाही. चहा दिला, घेतला नाही. बाटल्या भरून होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले आणि मी बाहेर येऊन झालं म्हटल्यावर उठले. मला वाटलं, दमले असतील.

आत प्रयोगशाळेचे प्रमुख सर शेंग चिरताना म्हणाले होते, "जरा कोवळीच आहे. दोन-तीन आठवडे आणखी चालली असती." मी मान खाली घालून चिमटा तापवत राहिले. बारा बाटल्या पेरल्या. पुढे त्यांतल्या तीनच हिरवल्या.

आठ-दहा दिवसांनी मी गावाला गेले. पेरणी नीट झाली, बुरशी लागली नाही, हे सांगायला. खरं म्हणजे हरखून गेले होते. योगायोगाने त्याच दिवशी पंडुम होता. मोहाच्या झाडांखाली सगळं गाव पंगतीने बसलेलं, पानांच्या द्रोणांत वाफाळता नवा भात. मला कोणीतरी बसवलं, द्रोण हातात दिला. मी खाल्लं. इतका चांगला भात मी त्याआधी खाल्ला नव्हता, आणि मी आणखी मागून घेतला. दुसरा द्रोण संपत आल्यावर माझ्या लक्षात आलं की भाऊ कुठे दिसत नाहीत.

ते घरी होते. अंगणात चूल पेटलेली, जैनीबाई तिच्यापुढे बसून भात ढवळत होती. मी विचारलं, इथे का? भाऊंनी अगदी सरळ सांगितलं. पंडुमाच्या आधी नवं फळ तोडलं; म्हणून ह्या वर्षी त्यांच्या घराला पंगतीत नवं नाही. घरात गेल्या वर्षीचा तांदूळ होता, तो शिजत होता.

"पण तुम्हाला तोडताना कोणी पाहिलं?"

"कोनी नाई पाह्यलं. मीच सांगतलं गायताले."

मी खरे वीस सांगितले असते, तर शेंग पंडुमानंतर कापली गेली असती. माझ्या तोंडात अजून त्या नव्या भाताची चव होती. जैनीबाईने माझं तोंड पाहिलं असावं. ती म्हणाली, "एक साल तं आहे, बाई. यंदा जुनं खाऊ, पुढच्या साली नवं खाऊ." आणि तिने मला विचारलं, तिच्या फुलाची लेकरं किती झाली म्हणून.

पुढच्या साली भादव्यात तिला ताप आला. हिवताप तिकडे नवीन नाही. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी बाजेवर घालून दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी ती गेली. धान तेव्हा पोटरीत होतं. पंडुमाला अजून पाच-सहा बाजार होते.

मला देवाच्या कोपाची भीती नाही. तिला शेंगेमुळे ताप आला, असं मी मानत नाही, आणि खरं सांगायचं तर भाऊंच्या गावातही तसं कोणी बोललं नाही. माझं दुःख फार लहान आहे, म्हणूनच ते कुठे नेऊन टाकता येत नाही. एका बाईचं शेवटचं नवं हुकलं. जन्मभर दर हंगामात गावाबरोबर बसून खाल्लेला तो घास नेमका शेवटच्या वर्षी तिला मिळाला नाही, कारण चंद्रपूरच्या एका बाईला वेळेवर येणाऱ्या माणसांची सवय नव्हती. आणि तिच्या वाट्याचा द्रोण कदाचित मीच मागून घेतला होता. त्या वर्षापासून, त्यांच्या गावात पंडुम होईपर्यंत, मी घरात नवा तांदूळ शिजवत नाही. ह्याने जैनीबाईला काही पोचत नाही, हे मलाही कळतं.

बाटल्यांत मात्र सगळं ठीक चाललं होतं. आधी हिरवे कण, राजगिऱ्याएवढे. मग एक पान, दुसरं पान, पांढरी मुळं काचेला चिकटून गोल फिरलेली. मी त्यांना दर दोन महिन्यांनी नव्या खिरीत हलवायची. पुढे बाहेर काढून विटांचे तुकडे आणि कोळशावर ठेवली, वर जाळी. अर्धी तिथे गेली. मधल्या एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पाला जाळताना आग पसरली आणि येनावरची त्यांची आई करपून गेली. झाड वाचलं, ती नाही. मग जगात ती जात होती ती माझ्या जाळीत, सत्तावीस रोपं, आणि मी सकाळी उठून चहाच्या आधी मोजायला जायची.

चौथ्या वर्षी आषाढात ती सत्तावीस रोपं आम्ही परत नेली. भाऊंना आता चढवत नव्हतं. त्यांची मुलगी सोमारी शिडीवर होती, मी खालून नारळाच्या काथ्यात गुंडाळलेलं एकेक रोप वर देत होते, ती अंबाडीच्या दोरीने फांदीला बांधत होती. भाऊ मुळाशी दगडावर बसले होते. शेवटचं रोप वर गेल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले. चार वर्षं घोळवलेलं बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"भाऊ, त्या वर्षी मी अठरा बाजार सांगितले. वीस होते. दोन मी माझ्या मनाने कमी केले."

त्यांनी वर बांधलेल्या रोपांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"कसं?"

"शेंग दाबून पाह्यली होती मी. टनक होती. फळ अजून थांबते का नाई, ते हाताले समजते, बाई. पन तुमी मोजून सांगतलं होतं. मी मनलं, तुमच्या शिशीले कोवळीच पायजे असन."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन शांत झोपले असते. जंगलातलं फळ हाताने ओळखणाऱ्या माणसाने आपल्या हातापेक्षा माझ्या बोलण्याला मोठं मानलं, आणि माझं बोलणं शिंप्याला सांगायच्या तारखेसारखं होतं. मी रडले. सोमारी शिडीवर थांबून राहिली. भाऊंनी मला रडू दिलं. मग मी तांदळाचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "उपाशी नका राहू. पंडुम झाला का मी फोन करीन." आणि जरा वेळाने, "हे फुलन कवा?"

खोड जित्याची असते, जीभ वळवळलीच. पण ह्या वेळी मी खरं सांगितलं. "पाच उन्हाळे लागतील."

"यात दोन बाजार धरले का?" असं त्यांनी विचारलं. डोळ्यांत थोडं हसू होतं.

"नाही भाऊ. यात काहीच धरलं नाही."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग मले नाई दिसत," ते म्हणाले, बस निघून गेली असं सांगावं तितक्या साधेपणाने. आणि सोमारीला खाली यायला सांगितलं.

फोन मात्र दरवर्षी यायचा. गावात एका टेकाडावरच रेंज मिळते. तिथवर चढून, सोमारीच्या मोबाइलवरून, धापा टाकत. बोलणं दोन शब्दांचं. "झाला. जेवा." मी त्या दिवशी नवा तांदूळ शिजवायची, खिमट का होईना, आणि आमचे हे दोनदा वाढून घ्यायचे. मागच्या माघात भाऊ गेले. मला निरोप तेरा दिवसांनी कळला. उन्हाळ्यात सोमारीने फोटो पाठवला. जगलेल्या अकरांपैकी दोन रोपांवर पांढरी फुलं होती, ओठाशी जांभळी. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला, आणि शेवटी त्यात फुलांच्या मागची नुसती साल दिसू लागली.

म्हणून ह्या वर्षी आठ दिवस डबा तसाच आहे. आता फोन कोण करणार, हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या ह्यांनाही. आज सकाळी विचारता विचारता ते मध्येच थांबले आणि पेपर घेऊन बाहेर गेले.

दुपारी फोन वाजला. सोमारी होती. वारा होता, टेकाडावरून बोलत असावी.

"बाई, एक शेंग धरली आहे. कोनी काटा नाई लावला, अशीच धरली. बाबा सांगून गेला होता, बाईले इचारल्याबिगर हात लावू नका. कवा कापाची? किती बाजार?"

मी बोटांवर मोजू लागले. फुलं जेठातली. अठरा होऊन गेले, एकोणीस... बाटल्या, कोवळी का निबर, प्रयोगशाळेत आता कोण असेल, सगळं एकदम डोक्यात आलं. काचेवर गोल फिरणारी मुळं दिसली. कडुनिंबाखाली उकिडवा बसलेला, पाणीसुद्धा न घेणारा माणूस दिसला.

"कापायची नाही, सोमारी. मोजू नकोस. तिला आपोआप फुटू दे."

"सगळं बी उडून जाईन ना, बाई."

"जाऊ दे. काही तिथेच कुठेतरी बसेल."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत राहिला. मला वाटलं, रेंज गेली.

"बरं," ती म्हणाली. "आन काल पंडुम झाला. ह्या साली मायच्या नावानं एक दोना वेगळा काहाडला. जेवा तुमी."

मी डबा उघडला, दोन वाट्या तांदूळ काढले आणि निवडायला बसले.